प्रमिलाबाईच्या गेटची कडी

ये, अशी जवळ सरक. तिकडं दारापाशी काय बसलीस परक्यासारखी? किती महिने झाले गं? फोन केला की ‘येते मावशी, या रविवारी नक्की’ — आणि रविवार येतो नि जातो. तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली होती, ती शेवटी मीच खाऊन संपवली. बरं, राहू दे. रागवायला नाही बसवलं तुला.

आज जे सांगणार आहे ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या लेकीला, शोभाला नाही, माझ्या वकील भाच्याला नाही. देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं तर मुळीच नाही, त्याचं कारण पुढं येईल. माझं शिक्षण चौथी. बाकीचं सगळं पेपर वाचून, लोकांचं ऐकून आणि भांडून शिकले. भांडून जास्त. तेव्हा मला काही नटवून सांगता यायचं नाही. जसं येईल तसं ऐक.

हा वण बघ. मनगटाच्या वर, इथं. लोक विचारतात, मी सांगते — कुत्रं चावलं. खरंच आहे. शेजारच्या प्रमिलाबाईचं कुत्रं. तेही खरं. त्यांचं गेट उघडं होतं — हेही खरं. चौकीत, दवाखान्यात, जिथं जिथं विचारलं तिथं मी हेच सांगितलं. मग कबूल काय करायचंय, असं तुझ्या तोंडावर दिसतंय. थांब जरा.

आधी शोभाचं सांगायला पाहिजे. त्याशिवाय तुला माझा राग कळायचा नाही.

प्रमिलाबाईची नि आमची भिंत एक. आम्ही दोघींनी गारखेड्यात घरं घेतली तेव्हा इकडं धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात चपला हातात धरून चालायचो. आमचे हे औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात होते, तिचे मालक वसंतअण्णा पाटबंधाऱ्यात. वाटीभर साखर इकडून तिकडं, लोणचं तिकडून इकडं — असं सगळं होतं. आणि मग शोभाला सिल्लोडचं स्थळ आलं. मक्याची-कापसाची आडत, घरचं शेत, मुलगा शिकलेला, सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा. पोरगी पसंत पडली. शोभा — माझी शोभा कधी मोठ्यानं हसायची नाही, ती त्या दिवशी ताटं घासताना गाणं म्हणत होती.

आता आपल्यातली रीत तुला माहीतच आहे. चहापोहे झाले की मुलाकडचा एखादा जाणता माणूस हळूच शेजारी जातो. मुलगी कशी, आईचा स्वभाव कसा, घरात काही दुखणं-बिखणं नाही ना. ते प्रमिलाबाईकडं गेले. तिनं चहा केला. आणि म्हणाली — मुलगी सोन्यासारखी आहे हो, पण मागं एकदा अंगणात पडली होती, दातखीळ बसली होती.

पडली होती. खरं आहे. हरतालिकेचा कडक उपास, पाण्याचा थेंब नाही, वर भादव्यातलं ऊन — कुणी पडलं नसतं? पण तिनं उपास सांगितला नाही, ऊन सांगितलं नाही. ‘पडली होती’ म्हणाली, आणि पुढं गप्प बसली. त्या गप्प बसण्यात सगळं आलं. सिल्लोडकरांनी नाही म्हणून निरोपसुद्धा पाठवला नाही, नुसतं येणं बंद झालं. ‘मुलीला फिट येते’ हे त्यांच्या पाव्हण्यारावळ्यांत फिरलं, ते मला लई दिवसांनी कळलं. पुढं शोभाला बिजवराला द्यावी लागली. तिचं बरं चाललंय, मी नाही म्हणत नाही. पण लग्नात तिचं तोंड कसं होतं, ते मी बघितलंय. हळद लावताना मी बघितलंय.

मी भांडले असेन, असं वाटतं ना तुला? नाही भांडले. एवढी भांडखोर मी — आणि त्या बाईला एक शब्द बोलले नाही. तिच्या हळदीकुंकवाला जात राहिले, तिची ओटी भरत राहिले. बोलले असते तर राग वाफेसारखा निघून गेला असता. मला तो घालवायचा नव्हता. मी तो झाकण ठेवून मंद आचेवर ठेवला. वर्षानुवर्षं. आमचे हे गेले, शोभा सासरी गेली, घरात मी एकटी राहिले — आणि माझ्या सोबतीला तो राग.

मग तिचा मुलगा पुण्याला गेला, आणि तिनं कुत्रं आणलं. तांबूस, ढोल्या लॅब्राडॉर, नाव ब्रुनो. नवऱ्यावर मराठीत खेकसायची आणि कुत्र्याशी इंग्रजीत बोलायची — सिट ब्रुनो, गुड बॉय ब्रुनो. अण्णांना उभ्या जन्मात तिनं कधी गुड बॉय म्हणलं नसेल. तिचा जीव होता त्या कुत्र्यावर. ते मी भिंतीवरनं बघायची. तिचा जीव कशावर आहे, हे मी नीट बघून ठेवलं होतं.

गेटची कडी लावणं हे अण्णांचं काम. मोठी लोखंडी कडी. ती ओढायची, खाली पाडायची, आणि वर एकदा गेट हलवून बघायचं. जाताना, येताना, रोज. खण्ण असा आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. त्या माणसाचं सगळं असंच नेटकं. पेपरची घडीसुद्धा कडेला कड लावून.

आता त्या दिवसाचं. आमच्या घरी खंडोबा. सटीला, म्हणजे चंपाषष्ठीला, वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा — तळी भरायची, आणि घरात कुणी घास घ्यायच्या आधी नैवेद्य कुत्र्याला. कुत्रं मल्हारीचं, आधी त्यानं खायचं. आणि आमच्या सासूनं मी सून होऊन आले त्याच वर्षी बजावलं होतं — एकदा त्याच्यापुढं ठेवलेला नैवेद्य मागं ओढायचा नाही. उष्टं राहिलं तरी चालेल, ओढायचा नाही.

शहराच्या नावाच्या पाट्या बदलत होत्या, त्या हिवाळ्यातली गोष्ट. गल्लीतली मोकाट कुत्री नसबंदीला म्हणून गाडीनं उचलून नेलेली. ताटली घेऊन मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, एक कुत्रं दिसेना. दुपार कलत आलेली, मी उपाशी. मग शेजारचं आठवलं. प्रमिलाबाई बाहेर गेली होती, अण्णा आत आडवे झाले होते. मी ताटली घेऊन त्यांच्या गेटपाशी गेले. कुत्रं बाहेर आलं, खायला लागलं — आणि माझ्या हाताला धरलं.

मधलं थोडं गाळलं मी. कळतंय मला. पळून जात नाही, सांगते.

मी किंचाळले तसे अण्णा बनियनवरच धावत आले. त्यांनी कुत्र्याला आत कोंडलं. मी म्हणत होते, मिरचीची पूड द्या, चुना द्या — आमच्या गावाकडं तेच लावायचे. ‘‘वहिनी, काही लावायचं नाही,’’ म्हणाले, आणि माझा हात नळाखाली धरला. कपड्याच्या साबणानं धूत राहिले, धूत राहिले, मी ओरडत होते तरी सोडला नाही. मग स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. जखम खोल म्हणून डॉक्टरनं जखमेच्या कडेनं वेगळी सुई टोचली, आणि दंडात लस. पुढच्या प्रत्येक सुईला अण्णाच घेऊन गेले. तारखा माझ्यापेक्षा त्यांच्या ध्यानात.

आणि त्यातल्याच एका दिवशी, दवाखान्यातनं येऊन, मी रिक्षा केली आणि औरंगपुऱ्यात माझ्या भाच्याच्या ऑफिसात गेले. दिलीप, माझ्या भावाचा मुलगा. मला म्हणाला, ‘‘आत्या, पहिलं म्हणजे सुया मधी सोडायच्या नाहीत, कुत्रं कितीही चांगल्या घरचं असू दे.’’ मग एकेक सांगत गेला. दवाखान्याचे कागद जपून ठेव, जखमेचे फोटो काढ. चौकीत तक्रार दे. महापालिकेला कळव — कुत्र्याचा परवाना आहे का, त्याला रेबीजची लस टोचलीय का, हे दाखवणं मालकाचं काम. दहा दिवस कुत्र्याला बांधून नजरेखाली ठेवायला सांग, म्हणजे आजारी आहे का ते कळतं. मालकानं जनावर नीट सांभाळलं नाही म्हणून चावलं, तर तो गुन्हा होतो. दवाखान्याचा खर्च, वर भरपाई, दोन्ही मागता येतं.

मी ऐकत होते गं — कशी ऐकत होते म्हणून सांगू! जेवायला बसवल्यासारखी. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या बाईचं मी काय वाकडं करणार? आणि हा पोरगा मला एकेक हत्यार हातात देत होता. हक्काचं, कायद्याचं, शिक्क्याचं. 

मग त्यानं विचारलं, ‘‘आता मला खरं सांग आत्या. तू त्याला डिवचलं का? आणि गेट कुणी उघडलं? समोरच्याचा वकील सगळ्यात आधी हेच विचारणार.’’

‘‘गेट उघडं होतं,’’ मी म्हणलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलणं झाल्यावर त्यानं परत विचारलं नाही. उत्तर मिळालं असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

भरपाई? मला तिचा पैसा नको होता. मला ती चौकीच्या बाकड्यावर बसलेली हवी होती. आणि बसली! पर्स मांडीवर धरून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा चुकवत. शेजारी अण्णा. समोर खुर्चीवर मी, हात पट्टीत. सगळे मला ‘आजी, पाणी घ्या’ म्हणत होते. तिला कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मला काय गोड वाटलं म्हणून सांगू — आजही जिभेवर आहे.

जमादारानं विचारलं, ‘‘आजी, गेट उघडं होतं का बंद?’’

‘‘उघडं होतं.’’

प्रमिलाबाई उसळून उठली. ‘‘शक्यच नाही, साहेब! आमचं गेट कधी उघडं नसतं. शोभाची आई, खंडोबाची शपथ घेऊन सांगा.’’

‘‘उघडं होतं. खंडोबाची शपथ.’’

‘‘मग काय बाई,’’ जमादार हसला, ‘‘कुत्र्यानं स्वतः कडी काढली का?’’

आणि मग अण्णा — खाली बघत, अगदी हळू — म्हणाले, ‘‘प्रमिला, अगं, मीच विसरलो असेन. दूध घेऊन आलो तेव्हा.’’

तिनं वळून त्यांच्याकडं बघितलं. काय बघितलं! तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. जमादार समोर होता, अण्णा समोर होते, तोंड माझं होतं. मी पट्टीचं टोक नीट करत बसले.

आता गाळलेलं सांगते.

गेट बंद होतं. कडी खाली पाडलेली होती, अण्णांनी पाडली होती, हलवून बघितली होती — मी तो खण्ण आवाज ऐकला होता भरीत भाजताना. गेटाच्या खालून ताटली सहज आत सरकली असती, तेवढी फट आहे. मी वाकलेसुद्धा होते. आणि वाकल्या वाकल्या मनात आलं — हे सुटलं तर? मोठ्या रस्त्यावर गेलं, हरवलं, गाडीखाली आलं तर? मग कळेल तिला, जीव लावलेलं डोळ्यांदेखत जातं म्हणजे काय. मी सरळ झाले. कडी वर केली. आवाज होऊ नये म्हणून पदर गुंडाळून वर केली — म्हणजे बघ, रागाच्या भरात झालं असंही म्हणता येत नाही.

कुत्रं लगेच बाहेर येईना. शहाणं होतं ते. मग मी ताटली त्याच्यापुढं धरली, त्यानं तोंड घातलं, आणि मी ती ओढली — मागं, मागं, गल्लीकडं. देवाचा नैवेद्य, त्याच्या तोंडातनं. ते दोन पावलं आलं, रोडगा पकडला, मी आणखी ओढली. आणि त्यानं हात धरला.

त्याचं काय चुकलं, सांग? सासूनं बजावलेलं तेवढं एकच मला पाळायचं होतं. म्हणून म्हणलं, देवापुढं तोंड नाही. त्याच्याच शपथेवर मी खरं बोलले होते ना — गेट उघडं होतं.

प्रमिलाबाईनंही खरंच सांगितलं होतं. शोभा पडली होती.

पुढं मी केस नेली नाही. त्यांनी माफी मागितली, कुत्र्याला टोचल्याचं दाखवलं, चौकीत मिटलं. कुत्र्याला काही झालं नव्हतं, मलाही नाही. इथंच थांबले असते तरी — पण नाही थांबले. एक दिवस अण्णा भिंतीपाशी आले. ‘‘वहिनी, तुमचा भाचा वकील आहे. ब्रुनोला ठेवता येतं का हो घरात, का कायद्यानं काढावं लागतं? तेवढं विचारून सांगता?’’ 

मला विचारायची गरज नव्हती. दिलीपनं आधीच सांगितलं होतं — पाळलेलं कुत्रं घरातनं काढा असं कायदा म्हणत नाही, नीट सांभाळलं की झालं. मी म्हणलं, ‘‘नाही बसत म्हणे कायद्यात, अण्णा.’’

हे मात्र उघड खोटं. याला काही पांघरूण नाही.

त्यांच्या ओळखीच्या एकानं कुत्रं नेलं, मक्याच्या राखणीला. कुठं, माहितीय? सिल्लोडच्या रस्त्याला. टेम्पोत चढवताना प्रमिलाबाई रस्त्यावर बसून रडली, चारचौघांत. मी खिडकीतनं बघितलं. पडद्याआडनं नाही, चांगला पडदा सारून बघितलं.

तिचं फिटलं. असं मी म्हणलं. पण माझा घाव बसला दुसरीकडंच.

अण्णा कडी लावून परत येऊन बघायला लागले. आधी एकदा, मग दोनदा. अंथरुणातनं उठून. स्कूटर विकली — न जाणो सिग्नल विसरलो तर. सुटीत नातू यायचा, त्याला ते बागेत न्यायचे. सुनेनं नाही म्हणलं, आणि अण्णाच म्हणाले, बरोबर आहे तिचं. भिंतीपलीकडनं प्रमिलाबाईचं ओरडणं येतं — ‘‘गॅस बंद केला का? का कडीसारखंच?’’ डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आठवण चांगली आहे, वयाच्या मानानं लई चांगली. ते स्वतः येऊन मला सांगत होते, ‘‘डॉक्टर काहीही म्हणू दे वहिनी. मी कडी लावल्याचं मला चांगलं आठवतंय, हाताला लागलेलं गार लोखंड आठवतंय — आणि गेट तर उघडं होतं. म्हणजे मला न झालेलं आठवायला लागलंय. हे तर जास्त वाईट ना?’’

मी काय बोलले असेन? ‘‘वयात होतं असं, अण्णा.’’

ज्या हातानं माझा हात धुतला, त्या हाताचं खरं मी खोटं पाडलं. हे मी त्यांच्या तोंडावर केलं, चहा देऊन.

आणि आजही एका वाक्यात मिटतं. भिंतीवरनं हाक मारायची आणि सांगायचं — कडी मी काढली होती. त्या माणसाला त्याचं डोकं परत मिळेल. मग का नाही सांगत? लाज? पोलिसांची भीती? तसलं काही नाही. मी सांगितलं तर प्रमिलाबाई खरी ठरते. ‘आमचं गेट कधी उघडं नसतं’ — हे तिचं खरं ठरतं, सगळ्या गल्लीसमोर, माझ्या तोंडून. ते मला सोसत नाही. शोभा म्हणते, ‘‘आई, सोड गं, मी कधीच विसरले.’’ ती विसरली. मी नाही. एका पारड्यात अण्णा आहेत, दुसऱ्यात तो राग — आणि रोज मी रागाचंच पारडं खाली दाबते. स्वतःच्या हातानं, रोज. यातलं मी काही झाकत नाही तुझ्यापासून.

उठलीस? हो, दिवेलागण झाली. थांब जरा — ऐक. आता येतील. रोज याच वेळेला येतात भिंतीपाशी. बायकोवर विश्वास नाही, स्वतःवर तर नाहीच. माझ्यावर आहे. म्हणतात, जिला चावलं ती कशाला खोटं सांगेल?

‘‘वहिनी... कडी लागली का हो?’’

‘‘लागली, अण्णा. चांगली लागलीय.’’

ऐकलंस? असं. रोज.

जा, उशीर होईल तुला. डब्यात भरीत घातलंय, सांडू नको. आणि बाई, परत महिनोन् महिने लावू नकोस. लवकर ये. याच वेळेला ये.